पेटीवरचं नाव गिटारवर: सोलापुरातल्या एका वाद्यकारखान्याचं प्रकरण

हे प्रकरण सोलापुरातल्या एका पेटी बनवणाऱ्या घराचं आहे. त्यांचे हिशेब मी बरीच वर्षं बघतो, त्यामुळे यातल्या बहुतेक चर्चांना मी हजर होतो, आणि एका निर्णयात माझाही हात होता. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नावं कुठेच नाहीत. थोरल्या मालकांना 'अण्णा' म्हटलं आहे, त्यांच्या धाकट्या भावाला 'काका', अण्णांच्या मुलाला नुसतं 'मुलगा' आणि सूर लावणाऱ्या जुन्या कारागिराला सगळे म्हणतात तसंच 'मिस्त्री'.

पार्श्वभूमी

अण्णांचे वडील गिरणीत सुतारखात्यात होते. पाळी सुटली की संध्याकाळी भजनात पेटी धरायचे. भजनी मंडळाची पेटी बिघडली की तीच उघडून बसायचे. दुरुस्ती करता करता पहिली पेटी स्वतः बांधली आणि पुढे नोकरी सोडून जुन्या पेठेत दुकान टाकलं. तो काळ पेटीला मानाचा नव्हता. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत उठली नव्हती. पण सोलापूरच्या आसपास रेडिओला कोण विचारतो? एका हाताला पंढरपूर, दुसऱ्या हाताला अक्कलकोट, वर तुळजापूर. गावोगावी भजन, आणि भजनाला पेटी. मराठी मंडळं, कन्नड मंडळं, पूर्व भागातली तेलुगू मंडळं, सगळ्यांची पेटी याच दुकानात यायची.

या घराचं नाव कशावर उभं आहे ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरतं. साडेतीन सप्तकांच्या दुहेरी पेटीत बेचाळीस पट्ट्या आणि चौऱ्याऐंशी सूर असतात. प्रत्येक सूर म्हणजे पितळेची एक पाती. ती टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, आणि एकदा खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही. मिस्त्री आधी सूर मोकळा लावतात, मग पेटीत बसवून लावतात, मग पेटी आठ दिवस तशीच ठेवून पुन्हा ऐकतात. तेव्हा कुठे झाकणाच्या आत घराच्या नावाची पितळी पट्टी ठोकली जाते. लोक बाजारात पेटी बघताना आधी झाकण उघडून ती पट्टी बघतात. वीस वर्षांनी पेटी परत आली तरी अण्णा ती उघडतात, भाता बदलतात, सूर लावून देतात. पट्टीचा अर्थ गिऱ्हाइकाला एवढाच ठाऊक आहे की ही पेटी जिथे झाली तिथे ती उघडणारा माणूस बसलेला आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

मुलगा शिकून आला आणि त्याने जुळे सोलापूर या उपनगरात गिटारचे वर्ग सुरू केले. वर्ग चांगले चालले. मुलांना गिटार लागायची, ती तो दुकानातूनच वेगवेगळ्या कंपन्यांची मागवून विकायचा. वर्षभरात गिटारच्या विक्रीने दुकानाच्या गल्ल्यात डोळ्यात भरेल एवढी जागा घेतली. पेटीचं मात्र उलटं होतं. पेटी मोडत नाही, मोडली तर दुरुस्त होते. एका मंडळाला एक पेटी विकली की पुढची दहा-पंधरा वर्षं तिथून फक्त दुरुस्तीचे पैसे येतात.

त्याच सुमारास मुंबईच्या एका घाऊक पुरवठादाराने प्रस्ताव आणला. गिटार तो देणार आणि तिच्या डोक्यावर, खुंट्यांच्या जागी, नाव या घराचं छापून देणार. दुसऱ्या कंपनीची गिटार विकून जेवढं सुटतं त्याच्या जवळपास दुप्पट सुटणार होतं. पुढे याच नावाने स्पीकर आणि इलेक्ट्रॉनिक तानपुराही देता येईल, असं तो म्हणाला. मुलाचं म्हणणं साधं होतं. "अण्णा, नाव आपल्या घरात सत्तर वर्षं आहे. ते फक्त पेटीच्या झाकणाआड का ठेवायचं?"

पहिला निर्णय

अण्णांनी मला बोलावलं. मी कागद मांडला: गुंतवणूक किती, सुटणार किती, माल पडून राहिला तर तोटा किती. पहिली खेप चाळीस गिटारींची होती, ती बुडाली असती तरी घर हललं नसतं. मी म्हणालो, करून बघायला हरकत नाही.

अण्णांनी एकच प्रश्न विचारला. "तुटली तर कोण बघणार?"

मुलगा म्हणाला, "तुटली तर बदलून देऊ."

त्या उत्तरावर आम्ही सगळे समाधानी झालो. मीही झालो. आता मागे वळून बघताना मला वाटतं, प्रकरणाचा निकाल त्याच क्षणी लागला होता. पेटीच्या पट्टीत 'बदलून देऊ' असं कधीच नव्हतं, 'उघडून देऊ' असं होतं. नाव तेच राहिलं आणि त्यामागचा शब्द बदलला, हे माझ्या कागदात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मिस्त्री तेव्हा चार हातांवर बसून पाती घासत होते. त्यांना कुणी विचारलंच नाही.

उन्हाळा

माल फेब्रुवारीत आला, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवला. मार्चमध्ये निम्म्याच्या वर विकला गेला. मग एप्रिल-मे.

सोलापूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं. गिटारच्या मानेचं लाकूड आक्रसलं की तिच्यावर ठोकलेल्या धातूच्या बारीक पट्ट्यांची टोकं कडेने बाहेर येतात आणि बोटाला टोचतात. पत्र्याखालच्या उष्णतेत सरस मऊ होतो, आणि तारांचा ताण सतत असतोच, त्यामुळे तारा ज्या ठोकळ्याला अडकतात तो ठोकळा पोटावरून सुटायला लागतो. पावसाळ्यात लाकूड फुगलं की उलटा त्रास, तारा मानेपासून उंच जातात आणि लहान मुलांच्या बोटांनी दाबल्या जात नाहीत. पेटीलाही हा उन्हाळा लागतोच, पण अण्णांच्या घरात लाकूड दोन-दोन उन्हाळे माळ्यावर मुरवूनच कापायला घेतात. हे लाकूड दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच हवेत कापलेलं होतं.

तक्रारी यायला लागल्या. मुलाने तीन-चार गिटारी बदलून दिल्या. मग जूनच्या सुरुवातीला पंढरपूर रस्त्यावरच्या एका गावातले वारकरी गृहस्थ आले. त्यांच्या मंडळाची पेटी अण्णांच्या वडिलांच्या हातची. या वेळी पेटी नव्हती, नातवाची गिटार होती, ठोकळा सुटलेली. त्यांनी ती थेट अण्णांच्या बाकावर ठेवली आणि म्हणाले, "तुमच्या नावाची हाय, अण्णा. तुम्हीच करून द्या. बदलून नको, पोराला हीच आवडलीय."

अण्णांनी गिटार उलटीपालटी करून बघितली. काय करायचं ते त्यांना कळेना. पन्नास वर्षांत त्या बाकावर अण्णांच्या नावाचं असं काही आलं नव्हतं जे अण्णांना उघडता येत नव्हतं. ते गृहस्थ गेल्यावर अण्णा बराच वेळ बोलले नाहीत.

दुसरी गोष्ट हळू घडत होती, ती कुणाच्या लक्षात आली नव्हती. आषाढीच्या आधी मंडळांच्या पेट्या सूर लावायला येतात, तो या घराचा सुगीचा काळ. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा त्या वर्षी निम्मा दिवस गिटारींना तारा चढवण्यात, खोके बांधण्यात आणि बदलीचा माल नेण्या-आणण्यात होता. पेट्या तुंबल्या. दोन दिंड्यांना पेटी वेळेवर मिळाली नाही. त्यांनी भांडण केलं नाही, दुसरीकडून भाड्याने पेटी नेली आणि निघून गेले. हे मला गिटारच्या तक्रारींपेक्षा जास्त गंभीर वाटतं.

बैठक आणि बाहेरची उदाहरणं

जुलैत घरी बैठक झाली. पुरवठादाराची शंभर गिटारींची पुढची खेप ठरवायची होती. मुलगा अभ्यास करून आला होता. त्याला गिटारच्या जगातला इतिहास चांगला माहीत आहे, आणि त्याने स्वतःच्या बाजूचं तेवढंच सांगितलं नाही, सगळं सांगितलं. त्याबद्दल मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

पहिलं उदाहरण गिब्सनचं. १९०२ मध्ये सुरू झालेली ही अमेरिकन कंपनी. तिने २०१० नंतरच्या दशकात स्वतःला 'संगीताच्या जीवनशैलीची' कंपनी म्हणायला सुरुवात केली आणि एकामागून एक ध्वनियंत्रांचे धंदे घेतले. २०१४ मध्ये फिलिप्सचा घरगुती ऑडिओचा धंदा साडेतेरा कोटी डॉलरला घेतला. १ मे २०१८ ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा कर्ज पन्नास कोटी डॉलरपर्यंत गेलेलं होतं. गिटारचा धंदा तेव्हाही नफ्यात होता, बुडवलं ते ऑडिओच्या कर्जाने. मुलगा म्हणाला, "म्हणजे वेगळी वस्तू केली म्हणून नाही बुडाली, उसन्या पैशावर केली म्हणून बुडाली. आपण कुठे कर्ज काढतोय?" मुद्दा बरोबर होता. पण गिब्सनचं आणखी एक होतं. २०१५ साली त्यांनी बहुतेक गिटारींवर आपोआप सुरात येणारी यांत्रिक खुंटी बसवली आणि किंमतही वाढवली. वाजवणाऱ्यांना ती नको होती. मिस्त्री इथे पहिल्यांदा बोलले. "सूर लावायचं यंत्र लावलं, आणि सूर लावणाऱ्याला विचारलं नाही होय?"

दुसरं फेंडरचं. लिओ फेंडर यांनी १९६५ मध्ये कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. नाव तेच, नमुने तेच, कारखाना मोठा झाला. दर्जा इतका घसरला की आजही जुन्या गिटारींच्या बाजारात 'सीबीएसच्या आधीची' हा वेगळा भाव आहे. १९८५ मध्ये कंपनीतल्याच लोकांनी ती परत विकत घेतली. इथे वेगळी वस्तू काढलीच नव्हती, तरी नाव पातळ झालं. काकांना हे उदाहरण लागलं. ते म्हणाले, "आपल्या दोन दिंड्या गेल्या, ते यातलंच."

तिसरं उलट्या बाजूचं. यामाहा पियानो करते, गिटार करते आणि त्याच नावाची मोटारसायकलही आहे. नाव पातळ झालं का? नाही. पण तोराकुसु यामाहा यांनी १८८७ मध्ये सुरुवात केली ती एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त करून, म्हणजे आपल्या पेटीचाच थोरला भाऊ. पुढे लाकडाच्या कामातून विमानाचे पंखे, त्या कारखान्याच्या यंत्रांतून १९५५ ची पहिली मोटारसायकल. प्रत्येक पायरीला आधीचा हात पुढच्या वस्तूत उतरला होता. अण्णा यावर खूप वेळ विचार करत होते. दुरुस्तीतून सुरू झालेलं घर, हे त्यांना आपलं वाटलं असावं.

यापेक्षा जवळचं उदाहरण शेजारच्या यंत्रमागवाल्या मित्राने दिलं. तो नुसता चहाला आला होता. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरच्या बाजारात सोलापुरी म्हणून विकली जाणारी कितीतरी चादर पाणीपतच्या मागावरची असते. तो म्हणाला, "आमचं नाव दुसऱ्यांनी त्यांच्या मालावर लावलं म्हणून आम्ही रडतोय. तुम्ही दुसऱ्याच्या मालावर आपणहून लावताय."

समोरचे पर्याय

पहिला, गिटार पूर्ण बंद. हे अण्णांच्या मनात होतं, पण मुलाचे वर्ग आणि गल्ला दोन्ही तुटले असते. माझ्या मते ते भीतीपोटी झालं असतं.

दुसरा, शंभरची खेप घ्यायची, फक्त माल नीट तपासून घ्यायचा. पण तपासणार कोण? चांगला वाजवणारा चांगला तपासणारा असतोच असं नाही, आणि फेब्रुवारीत चांगली दिसलेली गिटार मे महिन्यात काय करेल हे फेब्रुवारीत दिसत नाही.

तिसऱ्या पर्यायावर सगळ्यात जास्त वेळ गेला: गिटारला दुसरं नाव द्यायचं. मोठ्या कंपन्या हेच करतात. फेंडरने १९८२ पासून स्वस्त गिटारींना स्क्वायर हे नाव दिलं, मार्टिन या अमेरिकन गिटार कंपनीने १९७० मध्ये जपानहून येणाऱ्या गिटारींना सिग्मा. थोरलं नाव वर राहतं आणि स्वस्त बाजारही हातचा जात नाही. मला हा पर्याय पटला होता. मुलानेच तो खोडला. स्क्वायरचे नमुने फेंडरचेच असतात, फरक लाकडाचा, भागांचा आणि मजुरीचा. आपल्याकडे गिटारचा नमुनाही नाही आणि कारागीरही नाही. मग दुसरं नाव म्हणजे नुसता बुरखा. सोलापूर एवढं मोठं नाही, गिऱ्हाईक दुकान बघून घेतं, चिठ्ठी बघून नाही.

चौथा, गिटार ज्या कंपनीची त्याच नावाने विकायची आणि आपलं नाव फक्त आपल्या बाकावर जे होतं त्याला लावायचं.

काय केलं

चौथा पर्याय धरला, पण त्याला दोन जोड दिले.

अण्णांनी एक अट लिहून घेतली आणि सगळ्यांनी खाली सही केली: जी वस्तू या दुकानात उघडून पुन्हा मिटवता येते, तिच्यावरच घराचं नाव. स्पीकर आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा या एका ओळीत बाद झाले, वेगळी चर्चा करावी लागली नाही. नावाच्या ज्या गिटारी शिल्लक होत्या त्यांच्या डोक्यावरचं नाव मिस्त्रींच्या पोराने पॉलिशपेपरने घासून काढलं आणि त्या मुलाच्या वर्गात शिकवायला ठेवल्या. विकलेल्यांपैकी ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना फोन करून दुरुस्ती फुकट देऊ केली.

ती दुरुस्ती शिकायची होती, आणि हा दुसरा जोड. मुलगा आणि तो पोरगा एका जुन्या गिटार-दुरुस्तीवाल्याकडे काही आठवडे पुण्यात जाऊन राहिले. परत आल्यावर पेटीच्या बाकाशेजारी छोटा दुसरा बाक आला. सुटलेला ठोकळा बसवणं, बाहेर आलेल्या पट्ट्यांची टोकं घासणं, मान सरळ करणं, तारांची उंची ठरवणं. दुसऱ्या कंपनीची गिटार विकतानाही ती आधी या बाकावर येते, सोलापूरच्या हवेला लावली जाते आणि आत एक छोटी चिठ्ठी चिकटवली जाते: सूर आणि मांडणी या दुकानात केली. घराचं नाव त्या चिठ्ठीवर आहे, गिटारच्या डोक्यावर नाही.

परिणाम

पैशाच्या बाजूने पहिलं वर्ष कमी गेलं. एका गिटारमागे जे दुप्पट सुटणार होतं ते गेलं आणि फुकट दुरुस्तीचा खर्च वर आला. दुसऱ्या वर्षी दुरुस्तीच्या बाकाने दुकानाचं भाडं आणि पोराचा पगार भरून काढायला सुरुवात केली. शहरातल्या इतर दुकानांतून घेतलेल्या गिटारीही आता तिथे येतात.

गेलेल्या दोन दिंड्यांपैकी एक परत आली. दुसरी आली नाही.

मुलगा खूश आहे असं मी म्हणणार नाही. पुरवठादाराने तीच गिटार दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दुकानाचं नाव घालून विकली आणि ती तिथे खपते आहे, हे त्याला माहीत आहे. त्याचा युक्तिवाद आजही अर्धा बरोबर आहे: पेटीची मागणी वाढत नाही, आणि नुसतं नाव जपून घर चालत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

चाळीस नको, चारच गिटारी घेऊन एक अख्खा मे महिना माळ्यावर ठेवायला हव्या होत्या. खर्च जवळजवळ शून्य होता.

मिस्त्रींना पहिल्या बैठकीला बसवायला हवं होतं. त्यांना गिटार कळत नाही हे खरं, पण 'हे उघडतं कुठून?' हा प्रश्न त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत विचारला असता.

माझ्या कागदात मी गिटारचा नफा मांडला, पण गिटारला जाणारा पोराचा वेळ पेटीच्या खात्यातून वजा केला नाही. तो वेळ आषाढीच्या तोंडावरचा होता, म्हणजे वर्षातला सगळ्यात महाग. ही चूक माझी.

आणि एक गोष्ट जी अजून सुटलेली नाही. मिस्त्री सत्तरीला आले आहेत. सगळी चर्चा गिटारमुळे नाव पातळ होईल का याची झाली, पण त्यांच्यानंतर चौऱ्याऐंशी सूर कानाने कोण लावणार हा प्रश्न त्याच बैठकीत विचारायला हवा होता आणि कुणी विचारला नाही. त्या पोराला ते आता रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तासभर बसवतात. गिटारच्या तारा लावता लावता त्याचा कान बरा तयार झाला आहे, असं मिस्त्री म्हणतात. गेल्या आषाढीला त्याने लावलेल्या तीन पेट्या मिस्त्रींनी पुन्हा उघडून ऐकल्या. दोन तशाच जाऊ दिल्या, तिसरीचा एक खर्ज स्वतः परत लावला आणि मग तिघींच्याही झाकणात पट्टी ठोकली.